बेचाळीस हजार लिटरचा संसार

माझ्या मेहुण्यांनी कामशेतजवळ जुना बंगला घेतला, तेव्हा विकणारा म्हणाला होता, "स्विमिंग पूल तर तुम्हाला फुकटातच पडतोय." आठ मीटर लांब, चार मीटर रुंद, सरासरी खोली एक मीटर तीस, म्हणजे सुमारे ४२,००० लिटर पाणी. वर्षभराने आम्ही दोघं वही घेऊन बसलो, तेव्हा त्या फुकटाचा भाव कळला. तोच हिशेब इथे मांडतो. त्यात वीज १५ रुपये युनिट, दहा हजार लिटरचा टँकर २,००० रुपये आणि क्लोरीनच्या गोळ्या ३५० रुपये किलो धरल्या आहेत. आपापल्या गावचे भाव घालून आकडे बदलून घ्या.

लोक औषधांच्या खर्चाला घाबरतात, पण खरी खादाड असते मोटर. एक अश्वशक्तीचा पंप तासाला साधारण एक युनिट घेतो. रोज आठ तास चालवला तर महिन्याला २४० युनिटं, म्हणजे ३,६०० रुपये. महावितरणच्या घरगुती दरात वापर वाढला की वरचा टप्पा लागतो, म्हणून पूलचा हिशेब बिलातल्या सर्वांत महाग युनिटाने करायचा, सरासरीने नाही. आठ तास कशासाठी, हे मात्र कुणी विचारत नाही. ताशी दहा हजार लिटर फिरवणारा पंप सव्वाचार तासांत सगळं पाणी एकदा गाळून काढतो. डिसेंबरात कुणी उतरतच नसेल तर तेवढं पुरतं. मे महिन्यात, घरात दहा पोरं असताना, आठ तास हवेतच. वेग कमी-जास्त करता येणारे पंप वीज खरोखर वाचवतात, पण ते महाग असतात आणि रोज पोहणाऱ्या घरातच परवडतात. शनिवार-रविवारच्या बंगल्याला साधा टायमर बसवावा.

आता पाणी. उन्हाळ्यात रोज सहा मिलिमीटर पाणी उडतं असं धरलं, तर या पूलमधून दिवसाला १९० लिटर जातात, महिन्याला पावणेसहा हजार. त्यात बॅकवॉश. वाळूच्या फिल्टरमधून पाणी उलटं सोडून घाण बाहेर काढायला तीन मिनिटं लागतात आणि ५०० लिटर जातात. फिल्टरवरचा दाबाचा काटा स्वच्छ वाळूच्या आकड्यापेक्षा आठ-दहा पीएसआय चढला की बॅकवॉश करायचा. आमचे रखवालदार मामा मोठे निष्ठावंत, ते रोज सकाळी करायचे. महिन्याला दीड टँकर झाडांना. झाडांनाही त्या क्लोरीनच्या पाण्याचं कौतुक नव्हतं. आणखी एक: बॅकवॉशचा दांडा फिरवण्याआधी मोटर बंद हवी, नाहीतर आतलं रबर फाटतं आणि प्रसंगी अख्खा व्हॉल्व्ह बदलावा लागतो.

पातळी याहून जास्त उतरत असेल तर गळतीवाल्याला बोलावण्याआधी बादली आणा. तिच्यात पूलचं पाणी भरून ती पायरीवर ठेवा, आतल्या आणि बाहेरच्या पातळीवर खूण करा. चोवीस तासांत दोन्ही सारखंच उतरलं तर पाणी उन्हाने नेलं. बाहेरचं जास्त उतरलं तर गळतंय.

औषधाचं गणित सोपं आहे, पण फसवं. रोज लिटरमागे दोन मिलिग्रॅम क्लोरीन खर्ची पडतं असं धरलं तर दिवसाला सुमारे ९० ग्रॅम गोळ्या लागतात. महिन्याला तीन किलो, म्हणजे हजार-अकराशे रुपये. पण या गोळ्यांबरोबर सायन्युरिक आम्लही पाण्यात उतरतं. थोडं असेल तर चांगलंच, ते क्लोरीनला उन्हापासून सांभाळतं. लिटरला ३० ते ५० मिलिग्रॅम पुरे. आपल्या हिशेबाने मात्र ते महिन्याला तीस-पस्तीसने वाढतं आणि पाण्याबरोबर उडून जात नाही. शंभरच्या वर गेलं की क्लोरीन टेस्ट किटमध्ये दिसतं, पण काम करत नाही. पाणी हिरवट होतं, पूलवाला आणखी गोळ्या टाकतो आणि रोग वाढत जातो. यावर औषध नाही, निम्मं पाणी काढून नवं भरायचं. म्हणजे दोन टँकर.

मेहुण्यांनी मग पद्धत बदलली. दिवाळीपर्यंत गोळ्या, पुढे मेअखेर कॅल्शियम हायपोक्लोराइटची भुकटी. ही भुकटी आणि गोळ्या एका डब्यात, एका चमच्याने, एका डोसिंगच्या भांड्यात कधीही आणू नका, भडका उडतो. ॲसिडही क्लोरीनपासून लांब ठेवा, दोन्ही एकत्र आली तर विषारी वायू निघतो.

पीएच ७.२ ते ७.८ आणि क्लोरीन १ ते ३, या दोन आकड्यांवर रोजचं काम भागतं. टेस्ट किटमधली द्रावणं दरवर्षी नवी घ्या. बोअरचं पाणी भरलंत आणि क्लोरीन टाकताच ते चहासारखं झालं, तर घाबरू नका. ते लोखंड आहे, जांभ्याच्या पट्ट्यात हे नेहमीचंच.

पावसाळ्याने मात्र आमची परीक्षा घेतली. पहिल्या जूनमध्ये बंगल्याला कुलूप लावून आम्ही पुण्यात. वीज गेली, ट्रिप झालेला स्विच तीन आठवडे तसाच राहिला, आणि उघडून पाहतो तो पाण्याचं शेवाळी तळं, वर डासांच्या अळ्या. एका ठेकेदाराने सांगितलं, सगळं उपसा, ॲसिडने धुऊन देतो. ऐकलं असतं तर चार-पाच टँकर गेलेच असते, पण धोका त्याहून मोठा होता. भर पावसात जमिनीतलं पाणी वर आलेलं असतं. आतलं ४२ टनांचं वजन काढून घेतलं की खालचा दाब रिकाम्या टाकीला उचलतो, तडे जातात. मग दुरुस्तीचा हिशेब लाखांत. आम्ही शेवाळ घासून काढलं, भुकटीचा मोठा डोस दिला, पंप पाच दिवस अखंड चालवला, मग रात्री तुरटी टाकून पंप बंद ठेवला आणि तळाशी बसलेला गाळ व्हॅक्यूमने थेट बाहेर सोडला. तो गाळ फिल्टरमधून नेला असता तर वाळू चोंदली असती. वीज १,८०० आणि औषधं धरून अडीच-तीन हजारांत भागलं.

पण हाच पाऊस एक काम फुकटात करतो. घाटमाथ्यावर चार महिन्यांत दोन-तीन मीटर पाणी कोसळतं, म्हणजे सव्वा मीटरच्या पूलमधलं बरंचसं पाणी ओसंडून बदलतं आणि साचलेलं सायन्युरिक आम्ल धुऊन जातं. छत्रपती संभाजीनगरकडच्या बंगलेवाल्याला ही चैन नाही, त्याने पहिल्यापासून गोळ्या हात राखून वापराव्यात. पावसाच्या पाण्याने अल्कलिनिटी मात्र उतरते, म्हणून खाण्याच्या सोड्याचं पोतं जुलैआधी आणून ठेवावं.

बेरीज अशी: वीज ३,६००, पाणी १,६००, क्लोरीन १,०५०, ॲसिड-सोडा ५००, मामांना रोजच्या अर्ध्या तासाचे ३,०००. पावणेदहा हजार. त्यावर दरमहा दोन हजार बाजूला टाका, कारण मोटरचं सील जातं, वाइंडिंग जळतं, पाच-सात वर्षांनी वाळू बदलावी लागते. महिन्यातले चार दिवस पोहत असाल तर एका दिवसाची डुबकी तीन हजारांच्या घरात पडते.

वार्षिक करार करताना औषधं धरलीत की वेगळी, आठवड्याला किती फेऱ्या, जीएसटी आत की वर, एवढं लिहून घ्या. ‘सगळं आमच्याकडे’ म्हणणाऱ्यांच्या ‘सगळं’मध्ये आम्हाला वाळूही नव्हती आणि पावसाळाही नव्हता.

मेहुण्यांनी करार सोडला. आता रोज सकाळी नऊला मामा टेस्ट किटच्या दोन नळ्यांचा फोटो व्हॉट्सॲपवर पाठवतात, एक पिवळी, एक गुलाबी. सव्वानऊपर्यंत फोटो आला नाही तर मेहुणे फोन करून पहिला प्रश्न विचारतात, "मामा, लाइट आहे ना?"