पाणबुड्याचा साज : त्याची निवड व बांधणी

खोगीर नीट बसलें नाहीं म्हणजे स्वार कितीही कसलेला असो, घोड्याची पाठ सोलून निघते. पाण्याखालीं जाणाऱ्या मनुष्याच्या पाठीवर हवेचें नळकांडें बांधणाऱ्या पट्ट्यांची गोष्ट थोडीशी अशीच आहे. मात्र तेथें पाठीपेक्षां श्वासाचा प्रश्न मोठा असतो.

श्वासाच्या मागणीप्रमाणें हवा सोडणारें यंत्र जाक कूस्तो व एमिल गान्यां या दोन फ्रेंच गृहस्थांनीं इ. स. १९४३ मध्यें सिद्ध केलें, आणि पाठीवर हवा घेऊन पाण्यांत विहार करणें पुष्कळांच्या आटोक्यांत आलें. आपल्या मालवणच्या किनाऱ्यावरही हौशी मंडळी अशा बुड्या घेतात.

बाजारांत गाद्या, खिसे व बकलें यांनीं नटलेलीं जाकिटें मिळतात. आम्हांस येथें अभिप्रेत आहे तो साधा साज : धातूचा एक वांकविलेला पत्रा, व त्याच्या फटींतून ओवलेला सुमारें ५ सेंटीमीटर रुंदीचा एकच अखंड नायलॉनचा पट्टा. फ्लॉरिडांतील जलमग्न गुहांत हिंडणाऱ्यांनीं हा प्रकार रूढ केला, आणि त्यांपैकीं विल्यम होगार्थ मेन यांच्या नांवावरून त्यास होगार्थी साज म्हणतात. यास बक्कल एकच, तेंही कमरेवर. जेथें जोड कमी तेथें मोडण्याची जागाही कमी, हा त्यांतील हिशेब आम्हांस पटतो.

पोलादी पत्रा साधारणतः अडीच ते तीन किलो भरतो; ॲल्युमिनियमचा पुष्कळच हलका. थंड समुद्रांत जाड रबरी पोषाख घालावा लागतो, व तो मनुष्यास वर तरंगवितो. तेथें पोलादाचें वजन उपयोगीं पडतें व तितकें शिसें कमी लागतें. आपल्याकडील उबदार पाण्यांत पातळ पोषाख पुरतो, म्हणून बहुधा हलका पत्रा बरा.

आतां बांधणी. साज अंगावर बेतावयाचा तो पाण्यांत घालावयाच्या पोषाखावरच, सदऱ्यावर नव्हे. खांद्यावरील पट्टे प्रथम सैल ठेवावे. मानेमागें हात नेला असतां पत्र्याची वरची कड बोटांस लागली पाहिजे. ती लागत नसेल तर नळकांड्याची तोटीही हातास येणार नाहीं, आणि अडचणीच्या प्रसंगीं तीच चाचपावी लागते. पट्ट्याखालून हाताचा पंजा सहज सरकावा. नवशिके येथें पट्टे आवळून घेतात. मग खांदे जखडतात व साज उतरवितांना हात निघत नाहीं. छातीवरील डी अक्षराच्या आकाराच्या कड्या साधारण कांखेच्या उंचीवर, आंगठा न चाचपतां पोहोंचेल तेथें अडकवाव्या.

कमरेचा पट्टा मात्र घट्ट हवा. त्याचें बक्कल उजव्या हातानें, एका झटक्यांत उघडलें पाहिजे. येथें पदार्थविज्ञानाच्या तासाची आठवण व्हावी. समुद्रांत १० मीटर खोलीवर एकूण दाब पृष्ठभागावरील दाबाच्या सुमारें दुप्पट होतो. रबरी पोषाखांतील वायूचे बुडबुडे त्यामुळें आकसतात, पोषाख पातळ होतो, आणि किनाऱ्यावर घट्ट वाटलेला पट्टा खालीं ढिला पडतो! म्हणून खालीं पोहोंचल्यावर तो पुन्हां ओढून घ्यावा, व त्यासाठीं पट्ट्याचें टोंक पुरेसें लांब ठेवावें.

पत्र्याच्या तळापासून दोन पायांमधून पुढें येऊन कमरपट्ट्यांत अडकतो तो लंगोटपट्टा. नांव ऐकून मुलें हंसतील, परंतु तो नसला तर साज डोक्याकडे सरकतो व नळकांडें मानेवर आदळतें. बसतांना किंवा वांकतांना तो काचूं नये, इतकाच सैल असावा.

जमिनीवर सर्व भार खांद्यांवर येतो. पाण्यांत आर्किमिडीजच्या नियमानें त्यांतील बराचसा नाहींसा होतो, व शरीरही उभें न राहतां आडवें होतें. तेव्हां आरशापुढें जमलेली बांधणी शेवटची समजूं नये. उथळ, शांत पाण्यांत शिक्षकासमक्ष आडवें पोहून पाहावें. साज तेथेंच एकदां काढून पुन्हां चढवावा. आपलें मूल अशा शिक्षणास धाडणाऱ्या पालकांनीं मोठ्या माणसाचा साज आवळून त्याच्या अंगावर चढविला जात नाहीं ना, हें स्वतः पाहावें. पट्टे आंखूड करतां येतात, पत्रा करतां येत नाहीं.

अशा चार-सहा बुड्या झाल्यावरच पट्ट्यांचीं जास्तीचीं टोंकें कापावीं, आणि धागे सुटूं नयेत म्हणून कापलेली कड मेणबत्तीच्या ज्योतीवर किंचित वितळवून घ्यावी.