माग दोन दिवस बंद, लेकरू कडेवर

ये, बस गं. चहा होईपर्यंत सगळं सांगून मोकळी हो. म्हणजे खोपोलीच्या इमॅजिका उद्यानाचे व्हिडिओ बघून पुतण्यांनी घर डोक्यावर घेतलंय, दिरांनी गाडीची चौकशी केलीय, सासूबाई म्हणतात जाऊ सगळेच. आणि दोन वर्षांच्या लेकीला घेऊन तिथे करायचं काय, या काळजीने तुझी झोप उडालीय. बघ, मी तुला अडवणार नाही. जरूर जा. जी बाई पहाटे कांड्या भरून, डबे करून, लेकीला अंघोळ घालून नऊला मागावर बसते, तिला दोन दिवसांची सहल जड नाही. फक्त एक गोष्ट मनाशी पक्की कर. तिकिटाचे पैसे वसूल करायचं काम त्या लेकराच्या अंगावर टाकायचं नाही.

मी हे का म्हणते ते तुला कळेल. माग दोन दिवस बंद म्हणजे दोन दिवसांची मजुरी बंद. त्यात गाडीभाडं, मुक्काम, माणशी तिकीट. मग वाटतंच, एवढा पैसा घातलाय तर फाटक उघडल्यापासून बंद होईपर्यंत एकही खेळ सुटायला नको. मोठ्यांना ते झेपतं. खरं सांगू का, माझा मुलगा सव्वादोन वर्षांचा होता तेव्हा मीही तेच केलं. एका उद्यानात भर दुपारी तो पेंगत होता, रांगेतच माझ्या खांद्यावर मान टाकली होती. तरी ‘एवढा एक शो बघू’ म्हणत मी त्याला अंधाऱ्या खोलीत घेऊन बसले. पडद्यावर राक्षस, खुर्ची गदागदा हलतेय, तोंडावर पाण्याचे फवारे. तो इतका घाबरला की रडून रडून उलटी झाली. नंतर कितीतरी रात्री घरातला दिवा मालवू देईना. मान टाकून तो मला सांगत होता गं, आणि मी ऐकलं नाही. अजून आठवलं की गलबलतं.

म्हणून आधी शिर्डीत रंगीत तालीम कर. आपल्या येवल्यापासून ३५ किलोमीटरच्या आसपास, कोपरगाव ओलांडलं की आलंच. तिथे वेट एन जॉय आणि साई तीर्थ ही दोन उद्यानं आहेत. एसटीत तुला अर्धं तिकीट, पाच वर्षांच्या आतल्या लेकीला तिकीटच नाही. गर्दीचे गुरुवार आणि शनिवार-रविवार सोडून जा, सकाळी निघून दुपारच्या झोपेला घरी. साई तीर्थातली तीर्थयात्रेची फेरी बसल्या बसल्या होते. लंकादहनाचा फाइव्ह-डी शो मात्र तिला नको. तो तुम्ही नवरा-बायकोने आळीपाळीने बघा, एक आत, एक बाहेर तिच्याजवळ. एवढ्या अर्ध्या दिवसात तुला पुष्कळ कळेल: मोठा आवाज तिला सोसतो का, गर्दीत किती वेळ रमते, अनोळखी बाथरूममध्ये शू करते की धरून ठेवते. आणि हो, डायपर सोडवायचं सहलीच्या आठवड्यात मुळीच काढू नकोस.

खोपोलीचं उद्यान २०१३ साली सुरू झालं. २०२२पासून ते संगमनेरच्या मालपाणी समूहाकडे आहे, शिर्डीची ही दोन्हीही त्यांचीच. तिकीट तिथे वयापेक्षा उंचीवर ठरतं. तेव्हा लेकीला घरीच भिंतीला टेकवून टेपने माप, आणि तिला तिकीट लागतं की नाही ते फोन करून विचार. मोठ्या राइडनाही उंचीची अट असते. नायट्रोत पुतण्यांना बसू दे, सलीमगढची भुतं त्यांनाच बघू दे. तुझ्या लेकीसाठी मॅजिक कॅरोसेलचे घोडे आहेत, टबी टेक्स ऑफचे उडणारे हत्ती आहेत. तीच राइड तिला पुन्हा पुन्हा हवी असेल तर बसू दे. ‘बाकीचं राहिलं’ असं कोणी म्हणालं तर राहू दे म्हण. सासूबाईंनाही दिवसभर चालवू नकोस. दोघी एका सावलीत बसल्या तर दोघींचीही सोय होईल.

कधी जायचं ते मी सांगते. भोगी, संक्रांत, कर या तीन दिवसांत येवला सोडायचा नाही. अख्खं गाव पतंग घेऊन गच्चीवर असताना तुम्ही कुठे निघालात! त्यानंतर जानेवारीच्या शेवटापासून फेब्रुवारीच्या मध्यापर्यंत, आठवड्यातल्या मधल्या वारी. ऊन सोसवतं आणि सुट्टीची गर्दी नसते. पुतण्यांची शाळा दोन दिवस बुडेल, बुडू दे. पाणी त्या दिवसांत गार असतं, म्हणून वॉटर पार्क यावेळी वगळ. पुढे कधी नेलंस तर पाण्यात घालायचा वेगळा डायपर मिळतो, तो घे. साधा पाणी पिऊन फुगतो आणि लेकराला चालताही येत नाही.

आता प्रवास. मनमाडहून पंचवटी, कल्याणला उतरून खोपोली लोकल, हे एकट्यादुकट्याला ठीक. लेकरू, सासूबाई आणि पिशव्या घेऊन गाड्या बदलत बसू नकोस. गाडीच करा. कोपरगावकडून समृद्धीला लागलात तर कसाऱ्याची वळणं टळतात. जून २०२५मध्ये इगतपुरी ते आमणे हा शेवटचा टप्पा खुला झाला, त्यामुळे आता इगतपुरीच्या जवळपास आठ किलोमीटरच्या बोगद्यातून थेट भिवंडीकडे उतरता येतं. पण त्या रस्त्यावर हवं तिथे थांबता येत नाही गं. चढायच्या आधी शू, पाणी, खाणं सगळं उरकून घे. आणि बघ, लेकीला मांडीवर घेऊन पुढच्या सीटवर अजिबात बसायचं नाही. ब्रेक लागला की कितीही घट्ट धरलं तरी मूल हातात राहत नाही. २०१९च्या दुरुस्तीपासून कायद्यातही चौदा वर्षांखालच्या मुलाला पट्टा किंवा लहान मुलांचं आसन नसेल तर हजार रुपये दंड आहे. ते आसन नात्यात कोणाकडे असेल तर मागून आण, लाजू नकोस. आदल्या संध्याकाळीच खोपोली-लोणावळ्याकडे मुक्कामाला पोहोचा. पहाटे निघून थेट उद्यानात गेलात तर दिवस गाडीतच विटतो.

खाण्याचं तू माझ्यापेक्षा सुगरण आहेस, तरी सांगते. दुधातल्या दशम्या, राजगिऱ्याचे लाडू, केळी, मेतकूट-भाताला तुपाची छोटी डबी. बाहेरचं खाणं बहुतेक उद्यानांत आत नेऊ देत नाहीत. लहान बाळाचं चालतं का, ते त्याच फोनवर विचारून ठेव. ओआरएसची पाकिटं घे, पण पाकिटावर डब्ल्यूएचओ फॉर्म्युला लिहिलेलं बघूनच. एक लिटरचं पाकीट असेल तर ते बरोबर एक लिटर पाण्यात. मी एकदा घाईत अख्खं पाकीट पेल्यात कालवलं होतं. शेजारच्या नर्सताईंनी हात धरला म्हणून बरं झालं, तेवढं घट्ट पाणी लेकराला बाधतं. कालवलेलं पाणी चोवीस तासांनी ओतून टाकायचं. तापाच्या औषधाचं प्रमाण डॉक्टरांकडून तिच्या वजनाप्रमाणे कागदावर लिहून घे, तिथे आठवत बसू नकोस.

आणि सकाळी निघताना त्या दिवशीच्या कपड्यांतला तिचा एक फोटो काढ. कपडे भडक घाल, आपल्या पतंगांसारखे, लांबून दिसतील असे. आतल्या खिशात तुमच्या दोघांच्या नंबरांची चिठ्ठी. ‘आत्ता तिला कोण बघतंय’ हे दर वेळी तोंडाने बोलायचं. पाच मोठी माणसं असली की प्रत्येकाला वाटतं ती दुसऱ्याकडे आहे.

राहता राहिली झोप, आणि माझा सगळा जीव त्यातच आहे. एक-दोन वर्षांच्या मुलाला दिवसरात्र मिळून अकरा ते चौदा तास झोप लागते, दुपारची धरून. दुपारी एकला उद्यानातली सावली शोध, जुन्या सुती लुगड्यात तिला छातीशी घे आणि गप्प बस. बाकीचे जातील पुढे. तुलाही तासभर टेकायला मिळेल, आणि तुला त्याची तिच्याइतकीच गरज आहे, हे मला दिसतंय.

रात्रीच्या मुक्कामाचं मात्र वेगळं. तुझी लेक जन्मल्यापासून मागाच्या खटखटीत झोपलीय. तसाच वाढलेला माझा मुलगा परक्या खोलीतल्या शांततेत रात्री दोनपर्यंत टक्क जागा होता, आणि मला कारणच उमगत नव्हतं. पुढच्या सहलीला यांनी मागाच्या ठोक्याचा आवाज मोबाइलमध्ये भरून आणला, उशाशी बारीक लावला, आणि दहा मिनिटांत पोरगं घोरायला लागलं. तू आजच रेकॉर्ड करून ठेव. अर्धा तास तरी भरू दे. निघायच्या गडबडीत राहून जाईल, आणि तोवर माग बंद झालेला असेल.