निळा घ्यायचाय? आधी खिडकीकडे बघ

अगं, ते शेडकार्ड आधी मिटव. नखाएवढ्या चौकोनात कुठलाही निळा देखणाच दिसतो. तुला हवाय तो ना फिका आकाशी, ना गडद नेव्ही. मधला, भरलेला निळा. हाच सगळ्यात लहरी असतो, एका घरात राजबिंडा दिसतो आणि दुसऱ्या घरात आजारी. म्हणून शेडचं नाव मला नंतर सांग. तुझ्या ठाण्याच्या घराची खिडकी येऊरच्या डोंगराकडे उघडते की खाडीकडे, ते आधी सांग.

हसू नकोस. माजिवड्याहून गायमुखाकडे निघालं की डाव्या हाताला डोंगर, उजव्या हाताला खाडी. डोंगराकडच्या खोलीत दुपारचं पिवळं ऊन येतं आणि त्यात निळा हिरवट वाटायला लागतो. त्यातून मजला खालचा असेल तर पावसाळ्यात येऊरची सगळी हिरवळ खोलीत उतरते आणि भिंत मोरपंखीकडे झुकते. एप्रिलमध्ये जंगलाची पानगळ झालेली असते, तेव्हा तीच भिंत राखी वाटते. अशा खोलीला थोडा करडा मिसळलेला निळा घे, पारव्याकडे जाणारा. तो एवढा बदलत नाही.

खाडीकडच्या खोलीचं उलटं. सकाळी छान ऊन, मग दिवसभर नुसता आभाळाचा उजेड. तो मुळातच निळसर, त्यात पावसाचे चार महिने ढगाळ. तिथे पारवा लावलास तर जुलैत खोलीत शिरताना शाल घ्यावीशी वाटेल. तिथे किंचित जांभळट, ऊबदार निळा हवा आणि तोही एक पायरी फिका. आता कासारवडवलीत निम्म्या घरांना डोंगरही दिसत नाही आणि खाडीही नाही, समोरचा टॉवर दिसतो, हे मला माहीत आहे. मग त्या टॉवरचा रंग बघ. ऊन पडलेली क्रीम रंगाची भिंत समोर असेल तर तुझ्या खोलीत तिचाच पिवळा उजेड येणार.

खरं-खोटं करायचा स्वस्त उपाय सांगते. तुझ्या कपाटातली निळी इरकल काढ आणि पलंगामागच्या भिंतीवर दोन दिवस टाचून ठेव. सकाळी आठला बघ, दुपारी तीनला बघ, रात्री दिवे लावून बघ. त्यातून कुठल्या जातीचा निळा हवा ते कळेल. मग दुकानातून दोन-तीन शेडचे नमुन्याचे लहान डबे आण आणि मोठ्या पुठ्ठ्यावर दोन हात दे. भिंतीवर पट्टे ओढू नकोस, जुना रंग शेजारी असला की डोळा फसतो. पुठ्ठा खोलीभर फिरवता येतो. आणि पूर्ण वाळल्याशिवाय मत देऊ नकोस. इमल्शन वाळल्यावर बहुधा गडद होतं.

कंपनीच्या शेडबुकात पुष्कळदा एलआरव्ही म्हणून आकडा असतो, रंग किती उजेड परत टाकतो त्याचा. 0 म्हणजे काळा, 100 म्हणजे पांढरा. मधला निळा साधारण 30 ते 45मध्ये बसतो. तुझ्या बेडरूमला मी 40च्या आसपास थांबेन. दिव्यांचंही तसंच. बिल्डरने लावून दिलेले 6500 केल्विनचे पांढरे दिवे निळ्याखाली दवाखाना करतात, आणि 3000चे पिवळे त्याला मळकट करतात. छताला 4000 लाव, पिवळा दिवा उशाशी असू दे.

आता भांडण. तुला हॉलमध्ये टीव्हीमागची एकच भिंत निळी करायचीय ना? नको गं. मधल्या निळ्याची एकटी भिंत बहुधा अर्धवट वाटते, जणू रंगारी काम सोडून गेला. हॉल राहू दे हलका. लहान बेडरूमच्या चारही भिंती निळ्या कर, छत पांढरं ठेव. खोली आकसेल ही भीती असते, पण कडा एकाच रंगात विरल्या की उलट ती निवांत होते. सागाचा पलंग आणि पितळेचं काहीही त्यावर खुलतं. देव्हारा त्याच खोलीत असेल आणि सासूबाईंना त्याची भिंत निळी म्हटल्यावर जड गेलं, तर एकदा समईची ज्योत निळ्यापुढे दाखव. मग वाद घालावा लागणार नाही.

आणि कुणी खवचटपणे 'निळाच का गं?' असं विचारलं तर तिथेच गप्प कर. कल्याणला माझ्या मैत्रिणीच्या हॉलमध्ये निळ्या भिंतीवर बाबासाहेबांची तसबीर आहे. तिने तो रंग अभिमानाने निवडला, शेडकार्ड उघडलंसुद्धा नाही. पाहिलेल्या निळ्या भिंतींत ती मला सगळ्यात जास्त शोभलेली वाटते.

आजी चुन्यात नीळ घालायची, आठवतं? ती नीळ म्हणजे अल्ट्रामरीन. चुन्याच्या क्षारात ती टिकते, म्हणून भिंत वर्षानुवर्षं निळी राहायची. प्रशियन ब्लू चुन्यात घातला तर तपकिरी पडतो. आजचे मशीनवर मिसळलेले निळे टिकाऊ आहेत, वैरी आहे तो ओलावा. नैर्ऋत्येकडून झोडपणाऱ्या पावसाची भिंत आतून ओली असेल तर लोणा फुटतो, आणि पांढरा लोणा पांढऱ्या भिंतीवर लपतो, निळ्यावर चव्हाट्यावर येतो. म्हणून गणपतीच्या आधी घाई करू नकोस. दिवाळीआधी, भिंत कोरडी खणखणीत झाल्यावरच काम काढ. बाहेरची भेग बुजवायला सोसायटीच्या मागे लाग, आतून लांबी फासून ओल जात नाही.

फिनिश सॅटिन घे, मॅट नको. मेट्रोच्या कामाची आणि ट्रकांची धूळ इथे रोजची, आणि स्विचबोर्डाभोवतीचे हात निळ्या मॅटवर तेलकट डाग ठेवतात. सॅटिन ओल्या फडक्याने पुसता येतं. मात्र ते भिंतीचा प्रत्येक खड्डा दाखवतं, म्हणून लांबी घासताना रंगाऱ्याला तिरपा टॉर्च धरायला लाव.

हिशेब: दहा बाय अकराची खोली, दार-खिडकी-कपाट वजा करून 300 चौरस फूट धर. लिटरभर रंगात दोन हातांचं 120 ते 140 चौरस फूट होतं, पण भरलेल्या निळ्याला बऱ्याचदा तिसरा हात लागतो. चार लिटरचा एकच डबा घे, दोनदा मिसळून आणू नकोस, छटेत फरक पडतो. उरलेला बरणीत बंद कर आणि झाकणावर शेडचा कोड लिहून ठेव.

शनिवारी माझ्याबरोबर दुकानात चल. जावईबापूंना घरीच ठेव, ते तिथे पोचले की राखाडीच म्हणणार.