श्रीक्षेत्र कळंब : चिंतामणीच्या गंगेचे गूढ

यवतमाळ-नागपूर मार्गावर, यवतमाळपासून सुमारे २२ किलोमीटरवर, चक्रवती नदीच्या काठी श्रीक्षेत्र कळंब वसले आहे. विदर्भातील अष्टविनायकांत गणले जाणारे येथील श्री चिंतामणीचे मंदिर भूपृष्ठाच्या पातळीखाली असून, पायऱ्या उतरून गेल्यावर कुंडाचे व श्रींचे दर्शन घडते. दर बारा वर्षांनी या कुंडातील पाणी आपोआप वर चढते, श्रींच्या चरणांना स्पर्श करते आणि नंतर ओसरते, अशी परंपरा आहे. यालाच भाविक ‘गंगा अवतरली’ असे म्हणतात.

याविषयीची आख्यायिका अशी : गौतम ऋषींच्या शापाने पीडित झालेल्या इंद्राने या कदंबवनात श्रीगणेशाची आराधना केली. शापमुक्त झाल्यावर त्याने चिंतामणीची स्थापना केली, अंकुशाने कुंड निर्माण केले आणि दर बारा वर्षांनी श्रींच्या चरणक्षालनास येण्याची विनंती गंगेस केली.

अलीकडच्या काळातील गंगावतरणाची वर्षे म्हणून १९७०, १९८३ व १९९५ ही सांगितली जातात. त्यांतील अंतर अनुक्रमे १३ व १२ वर्षांचे भरते. गुरू ग्रहाची सूर्यप्रदक्षिणा ११.८६ वर्षांत पूर्ण होते. नाशिकचा सिंहस्थही त्याच गतीवर आधारलेला आहे. तथापि ग्रहाची गती आणि भूगर्भातील पाणी यांचा संबंध सिद्ध झालेला नाही.

भूगर्भशास्त्राच्या दृष्टीने हा प्रदेश काळ्या बेसाल्ट खडकाचा आहे. हा खडक स्वतः पाणी धरत नाही. पावसाचे पाणी त्याच्या भेगांत आणि लाव्हाच्या थरांमधील सांध्यांत साठते. कुंड सखल जागी, नदीलगत असल्याने भूजल वाढताच पाणी तेथे चढणे स्वाभाविक होय. विशिष्ट उंचीवर एखादी छुपी भेग बाहेर जाण्यास वाट देत असेल, तर पाणी चरणांपाशीच का थांबते, याचाही उलगडा होऊ शकतो. रत्नागिरी जिल्ह्यातील राजापूरच्या गंगेसाठी अभ्यासक वक्रनलिकेचे तत्त्व पुढे करतात. परंतु पाऊस दरवर्षी पडतो. मग कळंबची गंगा एक तपभर का थांबते? गूढ उरते ते येथेच.

या गूढाइतकीच विचारणीय गोष्ट म्हणजे गंगा अखेर या भूमीत मुरलेल्या पावसाचीच असते. २०१८ च्या उन्हाळ्यात यवतमाळ शहराने तीव्र पाणीटंचाई सोसली, हे अनेकांच्या स्मरणात असेल. विहिरी व कूपनलिकांतून उपसा वाढला आणि मुरणारे पाणी घटले, तर कोणत्याही कुंडाची पातळी खालावणारच. श्रद्धावंताला गंगेची वाट पाहावयाची असो वा अभ्यासकाला कारण शोधावयाचे असो, भूगर्भात पाणी राहिले तरच दोघांचाही हेतू सफल होईल.

म्हणून भाविकांनी कुंडात निर्माल्य, नाणी अथवा प्लास्टिक टाकू नये. दानशूरांनी आपापल्या गावी एखादी जुनी विहीर उपसून स्वच्छ करावी, छतावरील पावसाचे पाणी जमिनीत मुरवावे. कुंडातील पाण्याची पातळी दरमहा एका वहीत लिहून ठेवणे, हीसुद्धा सेवाच होय. एका तपाची अशी वही गूढाच्या उलगड्यास फार मोठी मदत करील.

॥ श्री चिंतामणी प्रसन्न ॥