संगणकाचा दोलनदर्शक

विद्युत्दाब क्षणोक्षणी कसा बदलतो हे दोलनदर्शक दाखवितो; पण तो महाग असल्याने पुष्कळ विद्यार्थ्यांस हाताळावयास मिळत नाही. ही उणीव दूर व्हावी म्हणून दिल्लीच्या आंतरविद्यापीठ त्वरक केंद्राने २००४ साली आरंभिलेल्या ‘फीनिक्स’ प्रकल्पातून ‘एक्सपआईज’ ही छोटी पेटी निर्माण झाली. ती दाबाचे ठराविक अंतराने मापन करून त्याचे अंकांत रूपांतर करते. संगणक त्या अंकांचा आलेख पडद्यावर काढतो.

पेटीस नुसती मोकळी तार जोडली, तरी भोवतालच्या वीजवाहिन्यांमुळे ५० हर्ट्‌झचे तरंग दिसतात. त्यांचे एक आवर्तन २० मिलिसेकंदांचे असते. आवर्तनामागे दोनांहून अधिक मापने न झाल्यास आलेख फसवा ठरतो. घरगुती २३० व्होल्टचा दाब मात्र पेटीस कदापि जोडू नये. त्याने जीवास अपाय होईल.