एका दहा अंकी संख्येची परीक्षा
(वरच्या इयत्तांसाठी गणिताचा पाठ)

उद्देश : चारपाच उदाहरणांत नियम जुळला म्हणजे तो सिद्ध झाला, अशी समजूत विद्यार्थ्यांच्या ठायी सहज दृढ होते. ती दूर करणे हा या पाठाचा हेतू होय.

पूर्वज्ञान : मूळ व संयुक्त संख्यांतील भेद, मोठे गुणाकार व भागाकार.

विषयप्रवेश : फळ्यावर २ ही संख्या लिहून, आलेल्या संख्येचा पुन्हा पुन्हा वर्ग करावा. २, ४, १६, २५६, ६५,५३६ अशी मालिका मिळते. प्रत्येकीत १ मिळविला असता ३, ५, १७, २५७, ६५,५३७ या संख्या येतात. या पाचही मूळ आहेत. यापुढील संख्या कोणत्या प्रकारची असेल, असे विचारावे. बहुतेक मुले ‘मूळ’ असेच म्हणतील. त्यांना लगेच चूक ठरवू नये.

विवेचन : फ्रान्समधील तुलूझ येथील न्यायाधिकारी व थोर गणिती पिएर द फर्मा याचेही १६४० मध्ये हेच मत होते. अशी प्रत्येक संख्या मूळ असावी, असे त्याने पत्रातून कळविले. मात्र सिद्धता आपणांस साधली नाही, हेही प्रांजळपणे मान्य केले.

पुढील संख्या ४,२९,४९,६७,२९७ ही होय. बुद्धिबळाच्या पटावर पहिल्या घरात एक दाणा ठेवून तो घरोघर दुप्पट करीत गेल्यास ३३व्या घरात जितके दाणे येतील, त्यांहून ही एकाने अधिक आहे. तिचा विभाजक सरसकट शोधू गेल्यास साडेसहा हजारांवर मूळ संख्यांनी भाग देऊन पाहण्याचा प्रसंग येईल.

१७२९ मध्ये गोल्डबाख याने या प्रश्नाकडे ऑयलरचे लक्ष वेधले. १७३२ मध्ये ऑयलरने दाखविले की, या संख्येस ६४१ ने नि:शेष भाग जातो. पुढे त्याने असेही सिद्ध केले की, हिच्या कोणत्याही विभाजकास ६४ ने भागल्यास बाकी १ उरली पाहिजे. अशा मूळ संख्या क्रमाने १९३, २५७, ४४९, ५७७, ६४१ या होत. हजारो भागाकारांचे काम पाचांवर आले!

वर्गकार्य : पाच गट करून प्रत्येकास एक भाजक द्यावा. पहिल्या चार गटांस अनुक्रमे १०९, २, ३२५ व २८८ अशा बाक्या मिळतील. पाचव्याचा भागाकार ६७,००,४१७ येईल. ताळा सर्वांनी करावा :

६७,००,४१७ × ६०० = ४,०२,०२,५०,२००
६७,००,४१७ × ४० = २६,८०,१६,६८०
६७,००,४१७ × १ = ६७,००,४१७
बेरीज = ४,२९,४९,६७,२९७

समारोप : पाच वेळा खरा ठरलेला नियम सहाव्या वेळी ढळला. पुढेही या मालिकेत आजवर एकही मूळ संख्या आढळलेली नाही. ‘मूळ’ असे सांगणाऱ्या मुलांचा तर्क फर्माच्याच तोडीचा होता, हे त्यांना अवश्य सांगावे. तर्क करण्याची भीती मुलांस वाटू नये. परंतु तो पडताळल्यावाचून त्यांनी स्वीकारूही नये. ही संख्या संयुक्त आहे ती गुरुजी म्हणतात म्हणून नव्हे, तर आपण स्वतः भाग देऊन पाहिला म्हणून, असे वर्गाने म्हटले की पाठ सफल झाला असे समजावे.