पंचायतीचा पैसा आणि आपल्या शाळेची टाकी



ग्रामपंचायतीचे सदस्य किती, सरपंच कोण, ग्रामसभा म्हणजे काय, हे आपण नागरिकशास्त्रात शिकलो. पण पंचायत एखादी वस्तू विकत कशी घेते, रस्ता कसा बांधते आणि त्याचे पैसे कोण देते, हे आपण कधी विचारले नव्हते. म्हणून गुरुजींच्या परवानगीने आम्ही सातवीतील चौघी शाळा सुटल्यावर दोन वेळा पंचायतीच्या कार्यालयात जाऊन बसलो. ग्रामसेवक भाऊसाहेबांनी न कंटाळता सारे समजावून दिले. (२०२४ साली सरकारने या पदाचे नाव 'ग्रामपंचायत अधिकारी' असे केले, पण गावात अजून सगळे भाऊसाहेबच म्हणतात.) जे समजले ते मी येथे लिहीत आहे.

पैसा येतो कोठून?

आपल्या राज्यातील ग्रामपंचायतीचा कायदा १९५८ सालचा आहे. पुढे ७३वी घटनादुरुस्ती झाली, ती २४ एप्रिल १९९३ पासून लागू झाली आणि पंचायतींना राज्यघटनेचा भक्कम आधार मिळाला. पंचायतीच्या तिजोरीला 'ग्रामनिधी' म्हणतात. त्यात दोन वाटांनी पैसा येतो.

पहिली वाट आपल्या घरातून जाते. घरपट्टी, पाणीपट्टी, दिवाबत्ती कर, बाजाराची फी हे पंचायतीचे स्वतःचे उत्पन्न. कोणाच्या घराला किती कर बसतो हे 'नमुना नंबर ८' या वहीत लिहिलेले असते. ही वही आम्ही पाहिली, चांगली जाडजूड आहे.

दुसरी वाट सरकारी अनुदानाची. केंद्र सरकारचा वित्त आयोग गावांसाठी निधी ठरवतो. पंधराव्या वित्त आयोगापासून, म्हणजे २०२० पासून, या निधीचा काही भाग पाणी आणि स्वच्छता यांनाच बांधून दिलेला होता. त्याला 'बंधित निधी' म्हणतात. बंधित निधीतून गावाची कमान उभारता येत नाही. उरलेला 'अबंधित' निधी गावाच्या गरजेप्रमाणे वापरता येतो.

स्वतःच्या उत्पन्नातूनही काही वाटे आधी बाजूला काढावे लागतात. मागासवर्गीयांसाठी १५ टक्के, महिला व बालकल्याणासाठी १० टक्के आणि दिव्यांगांसाठी ५ टक्के. समजा, वर्षाचे उत्पन्न ४ लाख रुपये आहे. मग अनुक्रमे ६० हजार, ४० हजार आणि २० हजार रुपये या कामांसाठीच ठेवायचे. शेकडेवारीचे गणित असे उपयोगी पडते!

काम कसे ठरते?

सरपंचांच्या मनात आले आणि रस्ता झाला, असे होत नाही. दरवर्षी गावाचा विकास आराखडा तयार होतो. आपल्या राज्यात त्याला 'आमचा गाव, आमचा विकास' असे नाव आहे. हा आराखडा ग्रामसभेपुढे ठेवतात. भाऊसाहेब म्हणाले, "पोरींनो, एक गोष्ट ध्यानात ठेवा. आराखड्यात नाव नाही, तर कामाला पैसा नाही."

काम आराखड्यात आले की अभियंता जागा पाहून खर्चाचे अंदाजपत्रक करतो. त्याला तांत्रिक मान्यता लागते, मग प्रशासकीय मान्यता. त्यानंतर ठेकेदारांकडून निविदा मागवतात आणि ज्याची निविदा मंजूर होते, त्याला कार्यारंभ आदेश देतात. ठेकेदाराची काही रक्कम अनामत म्हणून अडकवून ठेवलेली असते. ठरलेल्या मुदतीत काम बिघडले, तर ते त्याने स्वखर्चाने दुरुस्त करायचे.

आणखी एक नियम आम्हांला फार आवडला. पंचायतीच्या कामात किंवा ठेक्यात एखाद्या सदस्याचा हिस्सा असेल, तर त्याचे सदस्यपद जाऊ शकते. देणारा आणि घेणारा एकच नको, हे त्यामागचे कारण.

खरेदी कशी करतात?

लहान खरेदीसाठी निरनिराळ्या दुकानदारांकडून निदान तीन दरपत्रके मागवतात आणि त्यांचा तुलनात्मक तक्ता करतात. रक्कम ठरावीक मर्यादेच्या वर गेली, तर सर्वांना दिसेल अशी ई-निविदा काढावी लागते. सरकारी खरेदीसाठी २०१६ साली 'जेम' नावाचा संगणकावरचा बाजारही सुरू झाला.

हे मी घरी आजीला सांगितले. ती म्हणाली, "त्यात नवल काय? चार दुकानं फिरल्याबिगर मी लुगडं घेत नाय!"

पण तक्ता नीट वाचावा लागतो. समजा, १,००० लिटरच्या टाकीसाठी अशी तीन दरपत्रके आली :

पहिला दुकानदार : ७,४०० रुपये, वाहतूक वेगळी ८०० रुपये.
दुसरा दुकानदार : ७,९०० रुपये, शाळेपर्यंत पोच.
तिसरा दुकानदार : ८,६०० रुपये, शाळेपर्यंत पोच.

वरवर पाहता पहिला स्वस्त वाटतो. पण वाहतूक धरली की त्याचे ८,२०० रुपये होतात. म्हणजे टाकी एकाच प्रतीची असेल, तर दुसरा स्वस्त. वस्तू आली की ती मोजून, तपासून साठ्याच्या नोंदवहीत चढवतात. नोंद झाल्याशिवाय बिल देऊ नये, असा दंडक आहे. पैसे दिल्याची नोंद रोकडवहीत, म्हणजे 'नमुना नंबर ५' मध्ये होते. पैसे काढायला सरपंच आणि ग्रामसेवक दोघांचीही मान्यता लागते.

रस्त्याचे गणित

आपण घनफळ शिकलो आहोत. समजा, सिमेंटचा रस्ता १०० मीटर लांब, ३ मीटर रुंद आणि १५ सेंटिमीटर जाड करायचा आहे. १०० × ३ × ०.१५ = ४५ घनमीटर काँक्रीट लागेल. आता जाडी १० सेंटिमीटरच टाकली तर? १०० × ३ × ०.१० = ३० घनमीटर. म्हणजे १५ घनमीटर, तब्बल एक तृतीयांश माल कमी! वरून पाहणाऱ्याला मात्र दोन्ही रस्ते सारखेच दिसतात.

अभियंता मोजमाप पुस्तकात लांबी, रुंदी, जाडी लिहितो आणि त्यावरून बिल निघते. पण लांबी-रुंदी नंतरही मोजता येते, जाडी मात्र काँक्रीट ओततानाच सहज मोजता येते. म्हणून काम चालू असताना गावकऱ्यांनी तेथे जावे, अंदाजपत्रक मागून पाहावे आणि फूटपट्टी लावावी. यात भांडण नाही, हा आपला हक्क आहे. माहितीचा अधिकार कायदा २००५ साली झाला. त्याखाली अर्ज करून अंदाजपत्रक, बिले आणि मोजमापे यांच्या नकला मागता येतात. 'ई-ग्रामस्वराज' हे संकेतस्थळ २४ एप्रिल २०२० रोजी सुरू झाले. त्यावर गावाचा आराखडा आणि खर्च मोबाईलवरही पाहता येतो. शिवाय पंचायतीच्या हिशेबांचे लेखापरीक्षण होते, ते निराळेच.

आता आपल्या टाकीविषयी

आपल्या शाळेच्या पाण्याच्या टाकीला तडा गेला आहे, हे सर्वांना ठाऊक आहे. दुपारी पाणी संपते. लहान वर्गांतील मुले तहानलेली बसतात आणि काही मुली पाण्यासाठी घरी जातात, त्या पुन्हा येतच नाहीत. नवी टाकी हवी, हे प्रत्येकजण घरी बोलतो. पण गेल्या ग्रामसभेत हा विषय निघालाच नाही, कारण तो मांडायला कोणी आलेच नव्हते.

ग्रामसभेला एकूण मतदारांपैकी १५ टक्के किंवा १०० जण, यांतील जी संख्या कमी असेल तितके मतदार हजर लागतात. याला गणपूर्ती म्हणतात. आपल्या गावात सुमारे ९०० मतदार आहेत. त्यांचे १५ टक्के म्हणजे १३५, म्हणून १०० जण पुरेत. गेल्या वेळी तेवढेही जमले नाहीत आणि सभा तहकूब झाली. तहकूब सभेला मात्र गणपूर्तीची गरज नसते. म्हणजे जे थोडे लोक येतात, तेच साऱ्या गावाचे ठरवतात. न येणाऱ्याने मग कोणाला बोल लावायचा?

अहिल्यानगर (पूर्वीचे अहमदनगर) जिल्ह्यातील हिवरे बाजार गावात पाण्याचा ताळेबंद ग्रामसभेत मांडतात आणि त्यावरून पिके ठरवतात. दुष्काळी गाव असे सावरले. मग एका टाकीचा ठराव आपल्याला जड आहे काय?

आम्हां मुलांना ग्रामसभेत मत नाही, ते वयाच्या १८ वर्षांनंतर मिळेल. तोवर आमची तहान तुम्हीच मांडायची आहे. आई-बाबांनो, काका-मावशींनो, पुढच्या ग्रामसभेची दवंडी झाली की शंभर जण तरी या. "शाळेची टाकी आराखड्यात घ्या, बंधित निधीतून होते का ते सांगा," एवढेच उभे राहून म्हणा आणि ठराव इतिवृत्तात लिहिला गेला की नाही, हे पाहूनच घरी जा.

स्वाध्याय

१. तुमच्या घराची घरपट्टी किती आहे? पावती पाहून लिहा.
२. एका गावात ५०० मतदार आहेत. ग्रामसभेच्या गणपूर्तीला किती जण हवेत?
३. ८० मीटर लांब, ३ मीटर रुंद व १५ सेंटिमीटर जाड रस्त्याला किती घनमीटर काँक्रीट लागेल?
४. गेल्या ग्रामसभेला तुमच्या घरातून कोण गेले होते? कोणी गेले नसेल, तर का, ते घरी विचारा.

— इयत्ता सातवीतील एक विद्यार्थिनी